कानाचें माप

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीस लागून असलेल्या एका घरांतून गेल्या महिन्यांत पत्र आलें. घर भरलेलें आहे: आजोबा, आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें. धाकट्या सूनबाईंचा मुलगा १४ महिन्यांचा. त्यास दोन्ही कानांनीं फारच कमी ऐकूं येतें असें तपासणींत ठरलें, आणि कानामागें लावण्याचीं यंत्रें घ्यावीं असें डॉक्टरांनीं सांगितलें. तेव्हांपासून घरांत तीन दुकानांचीं तीन दरपत्रकें आलीं आहेत. एकांत जोडीची किंमत ३० हजार रुपये, दुसऱ्यांत ८० हजार आणि तिसऱ्यांत दोन लाखांच्या वर. थोरले चिरंजीव मधल्या दराकडे झुकले आहेत, धाकट्यांस कर्ज काढून महागांतलें घ्यावेंसें वाटतें, आणि आजींचें म्हणणें असें कीं मूल अजून लहान आहे, वर्षभर वाट पहावी. आजोबा लिहितात, "मास्तर, यांपैकीं कोणत्या कंपनीचें घ्यावें तेवढें सांगा, म्हणजे घरांतला वाद मिटेल."

प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र जो शेवटीं विचारावयाचा तो आरंभींच विचारला गेला आहे. चष्म्याच्या दुकानांत आपण आधीं नंबर काढतों, मग कांच ठरवितों आणि सर्वांत शेवटीं चौकट पाहतों. कानाच्या बाबतींत शहाणीं माणसेंही चौकटीपासून आरंभ करितात. म्हणून ह्या लेखांत मी कंपनीचें नांव सांगणार नाहीं. इतक्या लहान मुलासाठीं यंत्र निवडावयाचें म्हणजे त्याच्या कानाचें माप नीट घेववावयाचें, तें माप यंत्रांत उतरलें आहे कीं नाहीं हें पडताळून घ्यावयाचें, आणि कान वाढेल तसतसें हें सर्व पुन्हा करावयाचें. ज्या ठिकाणीं हें होतें त्या ठिकाणचें साधें यंत्रही उपयोगी पडतें. जेथें होत नाहीं तेथलें दोन लाखांचें यंत्रही मुलाच्या कानावर ओझें होऊन बसतें.

पण आधीं आजींच्या म्हणण्याचा विचार केला पाहिजे, कारण घरांत वजन त्याचेंच अधिक असणार. "मुलगे उशिरांच बोलतात", "ह्याचा काका तरी कोठें चार वर्षांपर्यंत बोलत होता", हीं वाक्यें आपल्या घराघरांतून ऐकूं येतात आणि तीं मायेपोटींच निघालेलीं असतात. कानाच्या बाबतींत ह्या मायेची किंमत मुलास द्यावी लागते. अभिमन्यूची गोष्ट आपण कथा म्हणून बाजूस ठेविली, तरी गर्भांतल्या मुलाचा कान शेवटच्या तीन महिन्यांत काम करूं लागलेला असतो आणि जन्मलेलें मूल आपल्या आईचा आवाज परक्या आवाजापासून वेगळा ओळखतें, हें आतां शास्त्रानें सिद्ध झालें आहे. ऐकणारें मूल १४ महिन्यांचें होतें तेव्हां त्याच्या ऐकण्याचें वय १४ महिन्यांहून थोडें अधिकच असतें. ह्या मुलाच्या ऐकण्याचें वय अजून शून्य आहे. अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत क्रिस्टीन योशिनागा-इटानो ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं १९९८ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांचें बहिरेपण सहा महिन्यांच्या आंत ओळखलें गेलें व ज्यांस लगेच मदत मिळाली, त्यांची भाषा उशिरां ओळखलेल्या मुलांहून स्पष्टपणें पुढें असल्याचें त्यांत दिसलें. आणि हा फरक घर श्रीमंत कीं गरीब, बहिरेपण थोडें कीं फार, ह्यांवर अवलंबून नव्हता. पहिल्या महिन्यांत चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत यंत्र, असा नियम आतां जगभर मानला जातो. ह्या बाळाचा तो नियम हुकला तो हुकला. आणखी एक वर्ष दवडण्यास तें कारण होऊं शकत नाहीं.

आतां मापाकडे वळूं. १४ महिन्यांचें मूल "ऐकूं आलें" असें सांगत नाहीं, मग माप घ्यावयाचें कसें, अशी शंका पुष्कळांस येते. निरोगी अंतःकर्णांतील शंखाकृति नळी बाहेरचा आवाज ऐकतांना स्वतःही एक अतिशय बारीक आवाज परत पाठविते, असा शोध डेव्हिड केंप ह्या शास्त्रज्ञानें लंडनमध्यें १९७८ सालीं लाविला. नवजात बालकांची पहिली चाळणी ह्या प्रतिध्वनीवरून होते. तिला ओ.ए.ई. म्हणतात. ती दोन मिनिटांची तपासणी आहे आणि संशय आहे कीं नाहीं एवढेंच ती सांगते. निदान होतें तें बेरा ह्या तपासणीनें. मूल निजलें असतां डोक्यास तारा लावून कानांत आवाज सोडितात, आणि श्रवणनाडीवरून मेंदूकडे जाणारे विद्युत्तरंग यंत्रावर पाहतात. डोळ्यांचा पडदा न हलवितां एखाद्याच्या स्वप्नाचा माग काढावा तसा हा प्रकार आहे. मूल बिचारें झोंपलेलेंच असतें.

येथें एक बारकावा आहे व तो आजोबांनीं लक्षांत ठेवावा. बेराच्या साध्या प्रकारांत टिचकीसारखा एकच आवाज वापरतात, आणि त्यावरून मुख्यतः वरच्या पट्टीचें, म्हणजे साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या भागाचेंच ऐकणें समजतें. बाजाच्या पेटीवर उजव्या हाताकडच्या चार पट्ट्या दाबून पहाव्या, त्या वाजत नाहींत असें दिसावें आणि सगळी पेटीच बंद आहे असें म्हणावें, असा प्रकार त्यांत होऊं शकतो. पुष्कळ मुलांचें मंद्र भागांतलें ऐकणें बरेंच शिल्लक असतें. म्हणून अहवालावर "९० डेसिबलला प्रतिसाद नाहीं" अशी एकच ओळ असेल तर ती अपुरी समजावी, आणि निरनिराळ्या स्वरांवर वेगवेगळें माप घेणारी बेराची दुसरी रीत किंवा ए.एस.एस.आर. ही तपासणी करून घ्यावी. कानाच्या पडद्यामागें पाणी सांचलें आहे काय हेंही त्याच वेळीं पहावें, नाहींतर सर्दीचें बहिरेपण मुळांतल्या बहिरेपणांत मिसळतें. कांहीं थोड्या मुलांत ओ.ए.ई. ठीक येते पण बेरा येत नाहीं. त्यांचा प्रश्न नाडीचा असतो, त्यांची वाट निराळी आहे आणि त्यांना घाईनें यंत्र घालूं नये.

डेसिबल म्हणजे काय, हेंही सांगून टाकतों. हातभर अंतरावरची कुजबुज ३० च्या आसपास, समोरासमोरचें बोलणें ६० च्या आसपास, आणि आमच्या भोसरीच्या पत्रा कापणाऱ्या प्रेसजवळ उभें राहिलें तर ९० च्या वर. ही मोजणी साध्या बेरजेची नाहीं. दर दहांनीं आवाजाची शक्ति दहापट होते. ७० डेसिबलपासून ज्यास ऐकूं येतें त्या मुलास घरांतलें साधें बोलणें मुळींच पोंचत नाहीं, पण पातेलें पडलें तर तें दचकतें, आणि मग आजी म्हणतात, "बघा, ऐकतो तर आहे!"

संस्कृत शिकलेल्या माणसास ह्या पुढचा भाग ओळखीचा वाटेल. आपल्या शिक्षाकारांनीं वर्णांची मांडणी तोंडांतल्या स्थानांवरून केली. कानाचें शास्त्र तेच वर्ण कंपनांच्या संख्येवरून मांडतें. म् हा अगदीं खालचा, २५० हर्ट्झच्या आसपासचा. स्वरांत जोर असतो, ते दूरवर जातात. श् २,००० च्या वरचा आणि स् तर ४,००० च्याही वरचा; आणि हे ऊष्म वर्ण जितके उंच तितकेच दुबळे असतात. खालचें ऐकूं येऊन वरचें न येणाऱ्या मुलास भाषेचा आवाज ऐकूं येतो, भाषा ऐकूं येत नाहीं.

मराठीचीं उदाहरणें घ्या. ई आणि ऊ ह्या दोन स्वरांचा खालचा भाग जवळजवळ सारखा, ३०० हर्ट्झच्या आसपासचा असतो. त्यांतला भेद वरच्या भागांत आहे: ऊ चा दुसरा जोर ८००-९०० च्या सुमारास येतो, ई चा २,००० च्या वर. ज्या यंत्रांतून २,००० च्या वरचें पुरेसें येत नाहीं, त्यांतून ई ही ऊ सारखीच ऐकूं येते. असें मूल वर्षभर यंत्र लावूनही आईस "आऊ" म्हणतें, आणि घरांतले "अजून जीभ वळत नाहीं" म्हणून कौतुक करितात. जीभ वळत असते. तिला वळावयाचें कोठें तें कळलेलें नसतें. मग आपल्या भाषेंत लिंग आणि वचन कोठें दडलेलें आहे तें पहा: गेला, गेली, गेलें. सारें व्याकरण शेवटच्या स्वरांत. आणि "तूं जेवलास काय", "कोठें चाललास", ह्यांतला स् तर ऐकूं येण्यास सर्वांत कठीण. तो गेला कीं "तूं"शीं जुळणारें क्रियापदच गेलें. ओठांकडे पाहून मूल हें भरून काढील असें समजूं नये. बाबा, मामा आणि पापा हे तिन्ही शब्द ओठांवर एकसारखे दिसतात; आरशासमोर उभें राहून कोणासही हें करून पाहतां येईल.

ह्याच विचारावरून डॅनियल लिंग ह्या शिक्षकानें सहा ध्वनींची एक घरगुती परीक्षा बसविली. तिला कांहीं खर्च नाहीं, आणि यंत्राच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षां मला तिचा भरंवसा अधिक वाटतो. रोज सकाळीं यंत्र लावल्यावर आईनें मुलाच्या शेजारीं बसावें, ओठ दिसूं नयेत अशा रीतीनें पदर तोंडासमोर धरावा, आणि नेहमींच्या आवाजांत एकेक ध्वनि काढावा: म्, ऊ, आ, ई, श्, स्. मध्यें थोडें थांबावें, म्हणजे मुलास ठेका सांपडून तें अंदाजानें वळणार नाहीं. लहान मूल डोळे फिरवितें, चोखणें थांबवितें किंवा वळून पाहतें. तीन वर्षांचें झालें म्हणजे ऐकूं येतांच वाटींत मणी टाकण्याचा खेळ करितां येतो. काल स् ऐकूं येत होता आणि आज नाहीं, तर सेल संपत आला असेल, नळींत पाणी अडकलें असेल, किंवा कानांत पाणी झालें असेल. स् कधींच ऐकूं आला नाहीं, तर यंत्राची जुळणी पुन्हा करून मागावी. मात्र दुकानदाराशीं वाद घालतांना वहीची साक्ष असावी. रोजचे सहा रकाने भरून ठेवलेली वही ज्या घरांत असते त्या घराशीं यंत्रवालाही जपून बोलतो.

माप झालें, आतां तें यंत्रांत उतरविण्याची गोष्ट. एकच पेलाभर पाणी घागरींत तळाशीं राहतें आणि लहानशा लोटींत कांठोकांठ येतें. तसाच एकच आवाज प्रौढाच्या कानांत जेवढा होतो, त्याहून बाळाच्या इवल्याशा कर्णनलिकेंत पुष्कळ मोठा होतो. फरक १०-१५ डेसिबलचाही असूं शकतो. कारखान्यांतून यंत्र येतें तें सरासरी प्रौढ कानाच्या हिशेबानें. म्हणून मुलाच्या कानांत साच्याशेजारीं एक बारीक मऊ नळी घालून प्रत्यक्ष पडद्याजवळ किती आवाज पोंचतो तें मोजावें लागतें, आणि मग ठरलेल्या सूत्रानें यंत्र बसवावें लागतें. मुलांसाठीं दोन सूत्रें मान्य आहेत: कॅनडांतील वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठांतलें डी.एस.एल. आणि ऑस्ट्रेलियांतलें एन.ए.एल. कमी बसविलें तर मूल शब्दांस मुकतें, अधिक बसविलें तर उरलेलें ऐकणेंही बिघडूं शकतें. मोठ्या आवाजाची कमाल मर्यादाही ह्याच वेळीं ठरवावयाची असते. दुकानांत एकच प्रश्न विचारावा: "मुलाच्या कानांत नळी घालून मोजणार काय, आणि त्याचा कागद आम्हांस देणार काय?" "संगणक तें आपोआप करितो" असें उत्तर आलें तर नमस्कार करून उठावें. यंत्र बसविणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे काय हेंही संकोच न करतां विचारावें. सोनार निवडतांना आपण याहून अधिक चौकशी करितों.

कानांत बसणारा साचा, ज्यास सगळे मोल्ड म्हणतात, तो मऊ सिलिकोनचा असावा आणि ज्याच्या त्याच्या कानाचा ठसा घेऊन केलेला असावा. बाळाचा कान झपाट्यानें वाढतो. पहिल्या दीड-दोन वर्षांत दर दोन-तीन महिन्यांनीं नवा मोल्ड लागतो. तो सैल झाला कीं यंत्र शिटी वाजवूं लागतें. यंत्रांतून निघालेला आवाज फटींतून बाहेर येऊन पुन्हा यंत्रांत शिरतो आणि फिरत राहतो. गणपतीच्या मांडवांतला कर्णा किंचाळतो तोच हा प्रकार. घरांतली माणसें शिटी बंद करण्यासाठीं यंत्राचा आवाज कमी करून आणतात. शिटी थांबते आणि मूलही ऐकेनासें होतें. खरा उपाय नवा मोल्ड हाच आहे, आणि त्याचा खर्च प्रथमच हिशेबांत धरला पाहिजे.

यंत्राविषयीं आतां थोडक्यांत सांगतां येईल. तें कानामागचेंच असावें. कानाच्या आंत बसणारें, कोणास न दिसणारें यंत्र वाढत्या कानास निरुपयोगी आहे. दोन्ही कान मंद असतील तर दोन्ही कानांस यंत्र हवें. आवाज कोठून आला हें दोन कानांशिवाय कळत नाहीं. पूर्वीं शिबिरांतून खिशांत ठेवावयाचीं पेटीयंत्रें देत, त्यांचा मायक्रोफोन छातीवर असे आणि मुलास सदऱ्याची घासाघीसच अधिक ऐकूं येई. कोणी जुनें तसें यंत्र देऊं केलें तर आभार मानून परत करावें. मुलाच्या मापाला पुरून थोडी शक्ति शिल्लक राहील असें यंत्र घ्यावें, कारण कांहींचें ऐकणें पुढें उतरतें. सेलच्या दारास मुलास न उघडणारें कुलूप हवें. गुंडीसारखा सेल मुलानें गिळला तर तो प्राणावर बेततो, घरीं उपचार करीत न बसतां तात्काळ रुग्णालय गांठावें लागतें. घाम व पाणी सोसण्याची क्षमता, चालू-बंद दाखविणारा बारीक दिवा, बिनतारी मायक्रोफोन जोडण्याची सोय, आणि बिघडलें तर पुण्यांतच दुरुस्ती व तोंवर बदली यंत्र, ह्या गोष्टी पैसे देण्याजोग्या आहेत. दोन लाखांच्या यंत्रांत त्यावर जें असतें तें बहुतेक मोठ्या माणसांच्या सोयीचें: फोन आपोआप जोडणें, उपाहारगृहांतला गलबला ओळखून स्वतः बदलणें. तेव्हां आजोबा, माझा कौल असा. ३० हजारांचें यंत्र जर मापास पुरत असेल आणि नळीची पडताळणी होत असेल, तर तेंच घ्यावें व वांचलेला पैसा मोल्ड, सेल आणि वाणीशिक्षण यांसाठीं वेगळा ठेवावा. तें मापास पुरत नसेल तर ८० हजारांचें. कर्ज काढण्याचें कारण मला दिसत नाहीं.

न दिसणारें यंत्र हवें, हा आग्रह आपल्या समाजांत कां आहे, ह्याचें मूळ जुनें आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत जन्मांध आणि जन्मबधिर यांना वारशाच्या हिश्श्यांतून वगळलें आहे. त्यांस अन्नवस्त्र द्यावें एवढीच सोय ठेविली. ही अपात्रता कायद्यानें दूर होण्यास १९२८ साल उजाडावें लागलें, आणि १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें व्यंगाचें कारणच निकालांत काढलें. कायदा गेला तरी लाज मागें राहिली, आणि ती बहुधा सुनेच्या पदरांत घातली जाते. ग्रहणांत तिनें कांहीं चिरलें, भाजी कापली, असें म्हणणारीं माणसें सुशिक्षित घरांतही आहेत. वस्तुस्थिति अशी कीं जन्मजात बहिरेपणाचा मोठा भाग आनुवंशिक असतो, आणि त्यांतलाही मोठा भाग अशा दोषांचा कीं जे आईबाप दोघांकडूनही आले तरच प्रकट होतात. दोघेही उत्तम ऐकणारे असतात. दोघांसही कल्पना नसते. आणि प्रत्येक अपत्याच्या वेळीं चारांत एक अशी शक्यता राहते. मामेबहिणीशीं लग्नाची चाल ज्या घराण्यांत आहे तेथें ही शक्यता वाढते. बाकीचीं कारणें कावीळ, अपुऱ्या दिवसांचा जन्म, गरोदरपणांतला रुबेला, मेंदूज्वर, कांहीं तीव्र औषधें. यांत सूनबाईंच्या विळीचा कोठेंही संबंध नाहीं. निळ्या-तांबड्या रंगाचा मोल्ड मिळतो, तो घ्यावा. मुलांस तो आवडतो आणि पाहणाऱ्यांस लगेच कळतें कीं ह्याच्याशीं समोर येऊन बोलावें.

भोसरींत राहणाऱ्या घराची एक निराळी अडचण आहे. नाशिक रस्त्याची वर्दळ, वसाहतींतल्या प्रेसचे ठोके, आणि घरांत मिक्सर, कुकर व दूरदर्शन हीं एकाच वेळीं. यंत्र सर्वच आवाज वाढवितें. त्यांतून बोलणें वेचून काढण्यास अनुभवी मेंदू लागतो, आणि तो मुलाजवळ अजून नाहीं. म्हणून अंतर कमी करणें हाच सर्वांत स्वस्त उपाय. अंतर दुप्पट झालें कीं मोकळ्या जागेंत आवाज ६ डेसिबलनें उतरतो. ओट्याजवळून ओसरीवरल्या मुलास हांक मारण्यापेक्षां चार पावलें चालून त्याच्याजवळ बसून बोलावें. ओरडूं नये, ओरडण्यानें स्वर मोठे होतात, स् आणि श् मोठे होत नाहींत, उलट बुडून जातात. प्रेसशॉपमध्यें वीस वर्षें काढलेल्या वडीलमंडळींस मोठ्यानें बोलण्याची संवय असते, त्यांनीं ह्या एका नातवापुरती ती मोडावी. दिवसांतून दोन-तीन वेळां दूरदर्शन बंद असावें. जेवतांना एकानें बोलावें आणि बाकीच्यांनीं थांबावें. एवढा शिष्टाचार पाळला तर एकत्र कुटुंबासारखी वाणीची शाळा दुसरी नाहीं: आजीची गोष्ट, आजोबांचे श्लोक, काकूचें स्वयंपाकघर, चुलत भावंडांचें भांडण, हें सारें एका आईबापांच्या घरांत कोठून येणार? लॉस अँजेलिस येथें लुइस ट्रेसी ह्या बाईनें आपल्या बहिऱ्या मुलाच्या अनुभवावरून १९४२ सालीं एक संस्था काढिली आणि दूरदूरच्या आईबापांस टपालानें फुकट धडे पाठविले. त्या सगळ्याचें सार हेंच कीं शिक्षक आठवड्यास तास-दोन तास देईल, उरलेला आठवडा घराचा आहे. भाषा घरची ठेवावी. इंग्रजी शाळेच्या धास्तीनें आजीस "वॉटर" म्हणावयास लावूं नये.

पैशाची व तपासणीची सोय कोठें, हेंही आजोबांनीं विचारलें आहे. पिंपरीस संत तुकारामनगरांत महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय आहे, पुण्यांत ससून, धनकवडीस भारती विद्यापीठांत श्रवण व वाणी शास्त्र शिकविणारें विद्यालय आहे. मुंबईस वांद्रे येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ह्या विषयांत देशांत अग्रगण्य आहे, आणि मनांत शंका राहिली तर दुसरें मत घेण्यास तेथें जाण्याचे श्रम फुकट जाणार नाहींत. अंगणवाडींत येणारें पथक हें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें असतें. तो कार्यक्रम २०१३ सालीं आपल्या महाराष्ट्रांतच, पालघर येथें, सुरू झाला आणि जन्मजात बहिरेपण त्याच्या यादींत आहे. केंद्र सरकारच्या एडिप योजनेंत उत्पन्नाच्या मर्यादेंत यंत्र मिळतें. त्यासाठीं ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचें प्रमाणपत्र लागतें. प्रमाणपत्र घेण्यांत कमीपणा मानूं नये.

तीन ते सहा महिने चांगल्या रीतीनें बसविलेलीं यंत्रें दिवसभर वापरूनही जर सहा ध्वनींपैकीं वरचे ऐकूं येत नसतील आणि माप ९० डेसिबलच्या पलीकडचें असेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे अंतःकर्णांत शस्त्रक्रियेनें तारा बसविण्याचा, विचार करावा लागतो. एडिप योजनेंत २०१४ पासून त्यासाठींही मदत आहे व जन्मबधिर मुलांसाठीं ती पांच वर्षांच्या आंत घ्यावी लागते. म्हणजे येथेंही आजींचें एक वर्ष महागांत पडेल. शस्त्रक्रिया ठरेपर्यंत यंत्रें काढूं नयेत. आणि कांहीं मुलांचें वाणीनें पुरेसें भागणार नाहीं. त्यांचे हात बांधून ठेवूं नयेत. खुणांची भाषा ही भाषाच आहे, तिच्यासाठीं दिल्लीस २०१५ पासून स्वतंत्र केंद्र आहे, आणि घरांत दोन-चार माणसांनीं ती शिकली तर मुलाच्या बोलण्याचें कांहीं बिघडत नाहीं.

आजींसाठीं दोन ओळी राहिल्या. मूल पहिले कांहीं दिवस यंत्र ओढून काढील, रडेल; तेव्हां काढलें कीं पुन्हा लावावें, दोरी लावून सदऱ्यास अडकवावें, आणि दहा मिनिटांपासून वाढवीत जागेपणीं सबंध दिवसावर न्यावें. कर्णवेधाच्या वेळीं तें रडलें म्हणून आपण सोनारास परत पाठविलें नव्हतें. कानांत कोमट तेल घालणें आतां बंद; त्यानें ऐकणें सुधारत नाहीं आणि नळी मात्र तुंबते. निजतांना व न्हातांना यंत्र काढावें, फडक्यानें पुसावें, सेलचें दार उघडें ठेवावें, आणि औषधाच्या बाटल्यांत असते तशी ओल शोषणारी पुडी घातलेल्या झांकणाच्या डब्यांत ठेवावें. पावसाळ्यांत ही पुडी वरचेवर बदलावी. नव्या सेलवरची चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर त्यास हवा लागूं द्यावी, मगच आंत बसवावा, आणि जुना सेल देव्हाऱ्याच्या कोनाड्यांत न ठेवतां कुलुपाच्या कपाटांत टाकावा. त्या घरांत आणखी दोन नातवंडें आहेत.